‘सार्मेन्टोसा’ हा शब्द तोडायचा कुठे, आघात कुठे द्यायचा आणि त्याच्या पोटात आहे काय?

पाटी_आणि_पान, नाशिक रोड

नमस्कार मंडळी. शाळेच्या बागेतल्या वेली आणि जमिनीवर पसरणाऱ्या झाडांसाठी पाट्या करायच्या आहेत. पाटीवर रोमन लिपीत शास्त्रीय नाव, त्याखाली देवनागरीत उच्चार, एका ओळीत अर्थ आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की नाव ऐकू यावं अशी योजना आहे. आवाज आठवीच्या मुली देणार आहेत, त्यामुळे त्यांच्या हातात दिला जाणारा कागद चुकून चालणार नाही.

अडलंय ते एकाच विशेषणावर. चार पाट्यांवर ते आलं आहे आणि शेपूट मात्र सारखं बदलतंय: फायकस सार्मेन्टोसा, पायपर सार्मेन्टोसम, सेडम सार्मेन्टोसम, सॅक्सिफ्रागा सार्मेन्टोसा. यात अक्षरं तीन की चार? जोर ‘मेन’वर की ‘टो’वर? दोन शिक्षकांची दोन मतं आहेत आणि दोघंही ठाम आहेत. ‘ट’ म्हणायचा की ‘त’? फायकसच्या शेवटी ‘अस’ आहे, मग पुढे ‘सार्मेन्टोसस’ का नाही? पाटी अरुंद आहे, नाव एका ओळीत मावलं नाही तर कुठे तोडावं? आणि शब्दाचे घटक कोणते, म्हणजे अर्थाची ओळ लिहिता येईल?

हिरवळ_सातपूर

अर्थाचं सांगतो. ‘सर्’ म्हणजे सरपटणं. संस्कृतात सृप् धातू, त्यावरून सर्प. लॅटिनमध्येही सापाला सेर्पेन्स म्हणतात. सर्पगंधेच्या शास्त्रीय नावात सर्पेन्टिना आहेच. ही चारही झाडं सरपटणारी, म्हणून सार्मेन्टोसा. पाटीवर ‘सापासारखी सरपटणारी’ असं लिहा, मुलांच्या पटकन लक्षात राहील.

लघुगुरू

अर्थाबद्दल जरा थांबा, वरची व्युत्पत्ती पाटीवर रंगवू नका. त्याबद्दल द्राक्षबागेतलं कुणी तरी माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मी उच्चाराचं सांगतो.

लॅटिन शब्दात चार अक्षरं आहेत: सार्, मेन्, तो, सुस्. स्त्रीलिंगी रूपात शेवटी सा, नपुंसकलिंगी रूपात सुम्. तिन्ही रूपांत चारच.

आघाताचा नियम मराठी माणसाला सोपा जावा, कारण आपण शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू मोजलेले असतात आणि शुद्धलेखन शिकताना ‘उपान्त्य’ हा शब्दही पाठ केलेला असतो. लॅटिनमध्ये उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, गुरू असेल तर आघात त्यावर. ते लघु असेल तर आघात एक घर मागे जातो, शेवटून तिसऱ्यावर. शेवटच्या अक्षरावर तो जात नाही. अक्षर गुरू केव्हा? स्वर दीर्घ असेल किंवा जोडस्वर असेल तेव्हा, नाहीतर स्वरापुढे दोन व्यंजनं आली तर. आपल्या ‘जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू’ या नियमाचंच हे भावंड.

आता लावून पाहा. ‘सार्’मधला स्वर मुळात ऱ्हस्व आहे, पण पुढे र आणि म एकापाठोपाठ आले म्हणून गुरू. ‘मेन्’मधला ए ऱ्हस्व, पण पुढे न आणि त, म्हणून गुरू. ‘तो’मधला ओ मुळातच दीर्घ. म्हणजे पहिली तीन अक्षरं गुरू-गुरू-गुरू, ‘यमाताराजभानसलगं’मधला ‘मातारा’, चक्क मगण. उपान्त्य ‘तो’ गुरू, म्हणून आघात ‘तो’वर: सार्-मेन्-तोऽ-सुस्, सार्-मेन्-तोऽ-सा, सार्-मेन्-तोऽ-सुम्. पहिल्या ‘सार्’वर हलका दुय्यम जोर आपोआप पडतो, तो पडू द्या.

मग ‘मेन’वर जोर देणारे शिक्षक चुकले का? त्यांनी बहुधा इंग्रजी विशेषण ऐकलं असावं. इंग्रजीत येताना या शब्दाचं शेपूट गळतं आणि तीनच अक्षरं उरतात: सारमेन्टोस. तिथे जोर बहुधा ‘मेन’वर देतात. ते झाडाचं वर्णन करताना वापरायचं इंग्रजी विशेषण. तुमच्या पाटीवर आहे ते लॅटिन नाव, चार अक्षरांचं. तीन की चार हा तुमचा वादही इथेच मिटतो.

‘ट’ की ‘त’: लॅटिनमधला हा वर्ण दंत्य होता, आपल्या ‘त’सारखा. आपण ‘ट’ म्हणतो तो इंग्रजीतून आलेला. जिभेचं टोक दातांना लावून ‘तो’ म्हटलं की मूळ उच्चाराच्या जवळ जाल. पण वनस्पतिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता उच्चाराबद्दल काहीच ठरवत नाही, त्यामुळे ‘टो’ म्हटलं म्हणून नाव चुकत नाही. आघात चुकला की मात्र ऐकणाऱ्याला नाव ओळखता येत नाही. ‘त’ असो वा ‘ट’, चारही पाट्यांवर एकच ठेवा, मुलींचा गोंधळ होणार नाही.

हा शब्द शिकायला फार सोयीचा आहे. जुन्या रोमन पद्धतीने बोला, चर्चमधल्या लॅटिनसारखं बोला की इंग्रज माळ्यासारखं, आघात ‘तो’वरच राहतो. पद्धत बदलली की ज्यांचा उच्चार हमखास बदलतो ती अक्षरं, म्हणजे इंग्रजी ‘सी’, ‘जी’ आणि ‘व्ही’, यात नाहीतच. जोडीच्या नावांचं मात्र तसं नाही. फायकस मूळ लॅटिनमध्ये फीकुस्, दीर्घ ई. पायपर हा पिपेर्, ऱ्हस्व इ (आपल्या पिप्पलीचाच प्रवासी शब्द). सेडम म्हणजे सेदुम्. एक पद्धत धरा आणि चारही नावांना तीच लावा. शाळेसाठी ‘फायकस सार्मेन्टोसा’ हेच बरं, कारण मुलं पुढे कॉलेजात तेच ऐकणार आहेत.

आता देवनागरीत लिहिण्याचं, कारण चूक तिथेच घडते. ‘सार्मेन्टोसा’ असं लिहिलं की रफार ‘मे’च्या डोक्यावर बसतो. डोळ्यांना दिसतं सा-र्मे-न्टो-सा. तोंडाने मात्र र् ‘सा’बरोबर आणि न् ‘मे’बरोबर संपवायचा असतो. मुलींना सरळ ओळ वाचायला दिली की त्या ‘सा’ म्हणून थांबतात आणि ‘र्मे’ला अडखळतात. काही जणी मध्ये स्वर घुसवून ‘सारामेन्टोसा’ करतात, मग पाच अक्षरं होतात. म्हणून वाचायच्या कागदावर हलन्त देऊन, तोडून लिहा: सार्-मेन्-टो-सा. पाटीवर जोडून लिहायला हरकत नाही.

सराव शेवटाकडून घ्या. आधी ‘टोऽसा’, मग ‘मेन्-टोऽसा’, मग ‘सार्-मेन्-टोऽसा’. पुढून सुरुवात केली की पहिल्या अक्षरावर जोर जातो आणि ‘टो’पर्यंत दम संपतो. ‘टो’ला साधारण दोन मात्रा द्या आणि आवाज किंचित चढवा. शेवटचा ‘सा’ आखूड ठेवा, त्याला ताणलं की आघात तिकडे सरकल्यासारखा वाटतो. ध्वनिमुद्रणात एकदा तोडून आणि एकदा सलग, अशा दोनच आवृत्त्या पुरेत. दोन्हींच्या मध्ये एक सेकंद शांतता ठेवा.

ओलांडा_दिंडोरी

लघुगुरूंनी बोलावलंच आहे तर लिहितो. हा शब्द द्राक्षाचाच आहे आणि त्याच्या पोटात सरपटणं नाही, छाटणी आहे.

लॅटिनमध्ये दोन वेगळे धातू आहेत. सेर्पेरे म्हणजे सरपटणं, आपल्या सृप्-चं खरं भावंड. सेर्पेन्स आणि सर्पेन्टिना त्याचे. दुसरा सार्पेरे, म्हणजे छाटणं, वेल साफ करणं. त्याचे नातेवाईक कोयत्या-विळ्याच्या घरातले: ग्रीकमध्ये हार्पे म्हणजे विळा, रशियनमध्ये सेर्प म्हणजे विळा. आपल्या कानाला सर्प ओळखीचा असल्यामुळे हिरवळदादांना झाला तो चकवा कुणालाही होईल.

सार्पेरेला ‘मेन्तुम्’ हा प्रत्यय लागला. क्रियेतून निघालेली वस्तू किंवा क्रियेचं साधन दाखवणारा हा प्रत्यय आहे: फ्रांगेरे म्हणजे मोडणं, त्यावरून फ्राग्मेन्तुम्, मोडलेला तुकडा. तसं सार्प् अधिक मेन्तुम्. प-ला लागून म आला आणि प गळाला, राहिलं सार्मेन्तुम्. फेस्टस नावाचा जुना रोमन कोशकार हीच सांगड घालतो: छाटलेल्या द्राक्षबागेला पूर्वी ‘सार्प्ता’ म्हणत, आणि कापून पडलेल्या काड्या त्या सार्मेन्ता.

म्हणजे सार्मेन्तुम् ही आपली काडीच. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, डोळा (कोंबाची जागा) राखून बाकीची काडी खाली येते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत मालकाडीवर, म्हणजे घड देणाऱ्या काडीवर, जातीप्रमाणे डोळे मोजून शेंड्याकडचा भाग कापला जातो. दोन्ही वेळेला ओळीत जो ढीग पडतो तो सार्मेन्ता. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या काडीला आजही ‘सार्माँ’ म्हणतात, तो याच शब्दाचा वारस.

वाळलेली काडी चटकन पेटते, हे रोमनांनाही ठाऊक होतं. लिव्ही हा इतिहासकार इ.स.पू. २१७मधला प्रसंग सांगतो. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत घाटात कोंडला गेला तेव्हा त्याने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना वाळक्या काड्यांच्या मोळ्या बांधल्या, रात्री त्या पेटवून बैल डोंगरावर हाकलले आणि शत्रूला चकवून सैन्य बाहेर काढलं. तिथे शब्द सार्मेन्ताच आहे. थोडक्यात, सरपण. ‘सार्मेन्ता म्हणजे सरपण’ ही जोडी मुलांना लक्षात ठेवायला उत्तम आहे. मात्र ती आठवणीची खूण म्हणूनच सांगा, व्युत्पत्ती म्हणून लिहू नका.

मग कापलेल्या काडीचं नाव जिवंत, लांब पळणाऱ्या फुटीला कसं लागलं? तो बदल लॅटिनमध्येच झाला. इ.स.पू. ४४मध्ये म्हातारपणावर लिहिताना सिसेरो द्राक्षवेलीचं वर्णन करतो. वेल वाट फुटेल तिकडे पसरत जाते आणि शेतकरी तिला लोखंडाने छाटून आवरतो, नाहीतर सार्मेन्तांनी तिचं रान होईल, असं तो म्हणतो. इथे सार्मेन्ता वेलीवरच आहेत, अजून कापलेल्या नाहीत. छाटायची ती काडी, आणि जी छाटावी लागेल इतकी लांब वाढते तीही काडी. हीच लांब, बारीक, लवचिक फूट वनस्पतिशास्त्राने उचलली.

शेवटचा तुकडा ‘ओसुस्’, म्हणजे ‘भरलेला, पुष्कळ असलेला’. हा प्रत्यय आपल्या आसपास सगळीकडे आहे. उंबर म्हणजे फायकस रासेमोसा, फळांचे घोस लगडलेला. पिंपळ रेलिजिओसा. बटाटा ट्युबेरोसम, गाठींनी भरलेला. पळसाचं जुनं नाव ब्युटिया फ्रोन्डोसा, पानोळा. या सगळ्यांत ‘ओ’ दीर्घ आणि आघात त्याच्यावरच. एकदा ओसुस् ओळखू आला की डझनभर नावं सुटतात.

पाटीसाठी ओळ: ‘लांब, बारीक फुटव्यांनी पसरणारी, लॅटिन सार्मेन्तुम्, म्हणजे वेलीची छाटलेली काडी, या शब्दावरून.’ नाशिकच्या मुलांना सापाची उपमा कशाला हवी, काडी त्यांनी ढिगांनी पाहिलेली आहे.

हिरवळ_सातपूर

ओलांडादादा, मान्य. सार्पेरे आणि सेर्पेरे हा फरक मला माहीत नव्हता. पण मग एक विचारतो. अर्थ ‘काडी’ असेल तर हे विशेषण द्राक्षाला का नाही? त्याचं नाव व्हिनिफेरा आहे. आणि सेडम तर बोटभर उंचीचं, त्याला कसली काडी?

टाचणपेटी

द्राक्षाचं नाव वाइनवरून पडलं आहे: वीनुम् म्हणजे वाइन आणि फेर् म्हणजे धारण करणारी. शिवाय वर्णनाच्या भाषेत द्राक्षवेल बाळ्यांनी, म्हणजे ताण्यांनी, चढते, म्हणून ती ताण्यांची आरोही वेल. सार्मेन्टोस हे वर्णन मुख्यतः अशा झाडांना लावतात ज्यांच्या बारीक लांब फुटी जमिनीवरून धावतात आणि पेऱ्यांवर मुळं धरतात. नाव काडीचं आहे, पण खूण पाहायची ती पेऱ्यावरच्या मुळांची.

तुमच्या सेडमची एक फूट हळूच उचलून पाहा. दोऱ्यासारखं खोड, दर पेऱ्यावर तीन पानांचं वर्तुळ, आणि जिथे पेरा मातीला टेकला तिथे पांढऱ्या मुळ्या. उचलताना फूट दोन-तीन ठिकाणी अडते, त्या त्या ठिकाणी ती रुजलेली असते. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी पाहिली असेल तर तिचा रनर हा याच चालीचा. त्यात गंमत अशी की पहिला पेरा मोकळा जातो आणि नवं रोप दुसऱ्या पेऱ्यावर बसतं. कोकणात समुद्राच्या वाळूवर लाउनेया सार्मेन्टोसा असते. पिवळ्या फुलांचे पानझुबके वाळूत वेगवेगळे दिसतात, वाळू बाजूला केली की सगळे एकाच खोडाला बांधलेले निघतात.

जवळचे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. स्कान्डेन्स म्हणजे चढणारी. रेप्टान्स म्हणजे जमिनीवर सरपटणारी, हिरवळदादांना हवा होता तो अर्थ इथे आहे. स्टोलोनिफेरा म्हणजे भूस्तारी फुटवे धारण करणारी, ही सार्मेन्टोसाच्या सगळ्यात जवळची. आणि इथेच तुमच्या चौथ्या पाटीचा प्रश्न येतो. सॅक्सिफ्रागा सार्मेन्टोसा हे नाव आता समानार्थी धरलं जातं, स्वीकृत नाव सॅक्सिफ्रागा स्टोलोनिफेरा. पाटी नव्याने रंगवताय तर स्वीकृत नाव घ्या, म्हणजे विशेषणाच्या तीनच पाट्या उरतात.

आता शेपटाचं. नावातलं दुसरं पद विशेषण असेल तर त्याचं लिंग पहिल्या पदाच्या लिंगाप्रमाणे चालतं. वनस्पतिनामांच्या २०१८च्या शेन्झेन संहितेत हे कलम २३.५मध्ये आहे. आपण ‘पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू’ म्हणतो तसंच हे. सेडम नपुंसकलिंगी, म्हणून सार्मेन्टोसम. पायपर दिसायला कसंही असो, लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी, म्हणून तिथेही सार्मेन्टोसम. नागवेलीचा हा सख्खा सोबती आहे. पुल्लिंगी उदाहरण हवं तर आफ्रिकेतली स्ट्रोफॅन्थस सार्मेन्टोसस ही वेल. १९४९च्या सुमारास तिच्या बियांतल्या सार्मेन्टोजेनिनपासून कॉर्टिझोन करता येईल या आशेने रसायनशास्त्रज्ञ तिच्या मागे लागले होते, आणि त्या द्रव्याच्या नावातही आपली काडी आहेच.

फायकस फसवतो. शेवट ‘अस’ असला तरी तो स्त्रीलिंगी, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असत आणि वनस्पतिशास्त्राने ती परंपरा पाळली. पिंपळ रेलिजिओसा आणि उंबर रासेमोसा आहे, ‘रेलिजिओसस’ नाही, तो त्यामुळेच. शेवटची अक्षरं जुळवून लिंग ठरवू नका, वंशाचं, म्हणजे पहिल्या पदाचं, लिंग तपासा. पाट्यांवर सगळ्यात जास्त चुका याच ठिकाणी होतात, कारण रंगवणाऱ्याला ‘फायकस सार्मेन्टोसस’ जास्त नीटनेटकं वाटतं आणि तो आपल्या मनाने ‘दुरुस्त’ करतो. रंगवायला देताना रोमन नाव छापील द्या, तोंडी सांगू नका.

ओळ तोडण्याबद्दल. शब्दाचे तुकडे दोन तऱ्हांनी पडतात आणि ते एकाच जागी पडत नाहीत. अर्थाने तोडलं तर सार्मेन्ट् अधिक ओसा. उच्चाराने तोडलं तर सार्-मेन्-टो-सा. आपल्या ‘घरात’सारखंच: अर्थ घर अधिक आत, पण बोलताना घ-रात. पाटीवर उच्चाराची फोड पाळा. रोमन लिपीत ‘एन’नंतर तोडायचं, म्हणजे ‘टी’ पुढच्या ओळीत जाईल. ‘टी’नंतर तोडलंत तर वाचणारा ‘सार्मेन्ट’ म्हणून थांबतो आणि पुढचं ‘ओसा’ वेगळा शब्द वाटतो. खरं तर तोडूच नका. सार्मेन्टोसाला रोमनमध्ये १० अक्षरं, सार्मेन्टोसमला ११. वंशाचं नाव वरच्या ओळीत आणि विशेषण खालच्या ओळीत घेतलं की अरुंद पाटीवरही मावतं.

आणखी दोन बारकावे. वंशाचं पहिलं अक्षर कॅपिटल, विशेषण पूर्ण लहान अक्षरांत, दोन्ही तिरप्या ठशात. नाव देणाऱ्याचं संक्षिप्त नाव सरळ ठशात: सेडमला बुंगे, पायपरला रॉक्सबर्गचं संक्षिप्त रूप. आघाताची रेघ रोमन नावावर देऊ नका. ती शिकवताना वापरायची खूण आहे, नावाचा भाग नाही. ती द्यायची असेल तर देवनागरी उच्चाराच्या ओळीत द्या.

पाटी_आणि_पान, नाशिक रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. सॅक्सिफ्रागाची पाटी बदलतोय. पण मग नवीन अडचण: स्टोलोनिफेरामध्येही ‘फे’वर जोर द्यायचा ना? आणि याच कामात द्राक्षाची व्हिनिफेरा आणि अंजनेरीच्या कंदीलपुष्पाची, सेरोपेजिया अंजनेरिका, अशा दोन पाट्या आहेत. त्यांचंही सांगाल का?

लघुगुरू

‘फे’वर नाही. इथे आपली लिपीच आपल्याला फसवते.

‘फेर्’मधला ए लॅटिनमध्ये ऱ्हस्व आहे. पुढे एकच र आहे, म्हणून उपान्त्य ‘फे’ लघु आणि आघात एक घर मागे: व्हिनिफेरात ‘नि’वर, स्टोलोनिफेरात ‘नि’वर, आंब्याच्या मँगिफेरात ‘गि’वर. मराठीत ए आणि ओ हे मोजणीत नेहमी गुरू, आणि ऱ्हस्व ए-साठी आपल्याकडे वेगळी मात्रा नाही. ‘फे’ लिहिलं की मराठी वाचक त्याला गुरू धरतो आणि जोर तिकडे ओढला जातो. याउलट सार्मेन्टोसातला ओ खरोखर दीर्घ आहे, तिथे लिपी आणि उच्चार एकत्र चालतात, म्हणून ते नाव तुमच्या मुलींना लवकर जमेल.

व्हिनिफेरा शिकवताना ‘नि’ उंच आवाजात म्हणायला सांगा आणि ‘फेरा’ एका दमात, घाईने संपवायला सांगा. ‘नि’ दीर्घ करू नका. आघात म्हणजे लांबवणं नाही, लघु अक्षरावरही तो बसतो. सवय होईपर्यंत ‘व्हिनिफ्रा’ असं मनात धरून म्हणा आणि मग मधला ए अगदी पुसट परत आणा. चढण ‘नि’वर, उतार ‘फेरा’वर.

एक अपवाद लक्षात असू द्या. उपान्त्य स्वर ऱ्हस्व असून त्याच्यापुढे त्र, ग्र, प्ल अशी जोडी आली, म्हणजे आधी स्पर्श व्यंजन आणि मग र किंवा ल, तर त्या जोडीने आधीचं अक्षर गुरू धरलंच जातं असं नाही. ‘इन्तेग्रा’ म्हणजे अखंड कडा असलेली. त्यात आघात ‘इन्’वर, ‘ते’वर नाही. आपल्याकडे ‘तुम्हाला’तला ‘तु’ पुढे म्ह असूनही लघुच राहतो, तशातलं हे. सॅक्सिफ्रागातही आघात ‘सि’वर आहे, कारण ‘फ्रा’मधला आ लॅटिनमध्ये ऱ्हस्व. आपण तो ‘फ्रा’ लिहितो म्हणून तिथेही जोर घसरतो.

आता अंजनेरिका. गावाच्या नावाला लॅटिनचा ‘इकुस्’ प्रत्यय, ‘तिथला’ या अर्थाचा. इन्डिका आणि जापोनिका यांच्यातलाच. त्यातला इ ऱ्हस्व, म्हणून उपान्त्य ‘रि’ लघु आणि आघात मागे ‘ने’वर: अन्-ज-नेऽ-रि-का. सेरोपेजियात याच नियमाने आघात ‘पे’वर. पाटी रंगवणारा अंजनेरी हे गावाचं नाव डोळ्यासमोर ठेवून ‘अंजनेरीका’ अशी दीर्घ री काढेल, आणि मग वाचणारा प्रत्येक जण ‘री’वर थांबेल. कागदावर ‘रि’ ऱ्हस्व लिहून त्याखाली रेघ मारून द्या.